आता निर्णय कुणाचा?

नेवार्क, न्यू जर्सी : १९३६

ढग इतके खाली उतरलेत की धावपट्टीचं दुसरं टोक दिसत नाही. पण तुम्ही ज्या खोलीत उभे आहात, तिथे खिडकीकडे कुणाचं लक्षच नाही. सगळे टेबलावर वाकलेत. टेबलावर नकाशा, नकाशावर छोट्या सोंगट्या, प्रत्येक सोंगटीला खोचलेली एक चिठ्ठी : विमान कोणतं, उंची किती, पुढच्या ठिकाणी पोचायची वेळ काय. फोन वाजतो. एका विमान कंपनीचा माणूस पलीकडून आकडे सांगतो. टेबलाजवळचा माणूस ते टिपून घेतो आणि एक सोंगटी दोन बोटांनी पुढे सरकवतो.

या प्रवासात तुम्हाला कुठेही उभं राहता येईल, कुणाचंही बोलणं ऐकता येईल. बोलता मात्र येणार नाही.

पुन्हा फोन. दोन विमानं जवळजवळ एकाच वेळी नेवार्कवर येणार, हे टेबलाजवळच्या माणसाच्या ध्यानात येतं. ‘मागच्याला दहा मिनिटं तिथेच घिरट्या घालू द्या,’ तो फोनवर सांगतो. वैमानिकाशी थेट बोलायची सोय त्याच्याकडे नाही. त्याचा निरोप आधी कंपनीच्या कचेरीत जातो, तिथून कंपनीच्या रेडिओ ऑपरेटरकडे, तिथून विमानात. ‘समजलं’ हे उत्तर त्याच वाटेने उलटं येतं. तोवर विमान काही मैल पुढे गेलेलं असतं आणि सोंगटी होती तिथेच असते.

तुम्हाला हसू येईल. पण ही खोली उघडण्याआधी काय होतं ते बघा. सेंट लुईसच्या विमानतळावर १९२९ मध्ये आर्ची लीग नावाचा माणूस दोन झेंडे घेऊन उभा राहू लागला. चौकड्यांचा झेंडा म्हणजे ‘जा’, लाल झेंडा म्हणजे ‘थांब’. त्याचा अधिकार नजर पोचेल तेवढाच. ढगात शिरल्यावर ज्याचं त्याने बघायचं.

मग १ डिसेंबर १९३५ रोजी विमान कंपन्यांनीच एकत्र येऊन नेवार्कची ही खोली उघडली. एरवी एकमेकींचे प्रवासी पळवायला टपलेल्या या कंपन्या. पुढच्या काही महिन्यांत शिकागो आणि क्लीव्हलँडलाही अशी केंद्रं झाली आणि जुलै १९३६ मध्ये सरकारने ती आपल्याकडे घेतली. म्हणजे वैमानिकाच्या हातून उंची आणि वेळ ठरवण्याचा हक्क आधी कुणी कायद्याने काढून घेतला नाही. तो राजीखुशीने सोपवला गेला. ढगातल्या वैमानिकाला शेजारचं विमान दिसत नव्हतं. टेबलाजवळच्या माणसालाही दिसत नव्हतं, पण त्याच्याकडे सगळ्यांच्या चिठ्ठ्या होत्या.

पुढे निघण्याआधी हा व्यवहार नीट लक्षात ठेवा. ज्याच्याकडे पुरं चित्र, त्याच्याकडे निर्णय.

ग्रँड कॅन्यनच्या वाटेवर : ३० जून १९५६

सकाळचे नऊ वाजून एक मिनिट. टीडब्ल्यूए कंपनीचं सुपर कॉन्स्टेलेशन विमान लॉस एंजेलिसहून कॅन्सस सिटीकडे निघतं. तुम्ही कॉकपिटच्या दाराशी उभे आहात. तीन मिनिटांनी त्याच विमानतळावरून युनायटेड कंपनीचं डीसी-७ शिकागोकडे निघतं. तुमची ठरलेली उंची १९,००० फूट, युनायटेडची २१,०००.

समोर वादळी ढगांचे डोंगर उभे आहेत. त्यात शिरलं तर प्रवाशांच्या मांडीवरचे कप उडतील. कॅप्टन २१,००० फूट मागतो. वीस वर्षं उलटली, तरी निरोपाची वाट जुनीच आहे : विमानातून कंपनीचा रेडिओ, तिथून नियंत्रण केंद्र. उत्तर येतं, नाही, त्या उंचीवर युनायटेड आहे. मग कॅप्टन वेगळी मागणी करतो : ढगांच्या माथ्यावर हजार फूट राहू द्या. ही परवानगी मिळते. सोबत युनायटेडची माहितीही मिळते. या परवानगीचा अर्थ वैमानिकाला ठाऊक आहे. ढगांच्या वर आकाश निरभ्र, तेव्हा इतर विमानं आपली आपण बघायची आणि आपण टाळायची.

ढगांच्या माथ्यावर हजार फूट म्हणजे आज नेमके २१,००० फूट भरतात. सरळ मागितली तेव्हा नाकारलेली उंची दुसऱ्या दाराने मिळाली.

आता क्षणभर सॉल्ट लेक सिटीच्या नियंत्रण केंद्रात या. एका कंट्रोलरसमोर दोन्ही विमानांचे आकडे आहेत. दोघांची उंची २१,०००. दोघंही पेंटेड डेझर्टची रेषा १०.३१ ला ओलांडणार. तुम्हाला ओरडावंसं वाटतं. पण तिथल्या आकाशाला कुणी राखणदार नाही. आखलेल्या हवाई मार्गांच्या बाहेर विमानांमध्ये अंतर राखणं हे कंट्रोलरचं काम नव्हतंच, आणि त्यांना सावध करण्याचं बंधनही त्याच्यावर नव्हतं.

साडेदहाच्या सुमारास ग्रँड कॅन्यनवर दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली. १२८ माणसं गेली, एकही वाचलं नाही. त्या भागावर नजर ठेवणारं रडार नव्हतं. दोन विमानं ठरल्या वेळी निरोप देत नाहीत, एवढ्यावरूनच जमिनीवरच्यांना शंका आली.

कॅप्टनकडे निर्णय होता, चित्र नव्हतं. जमिनीवरच्या माणसाकडे चित्र होतं, निर्णय नव्हता. नेवार्कचा व्यवहार इथे उलटा झाला. अमेरिकेत संताप उसळला, रडारसाठी पैसा मंजूर झाला आणि १९५८ मध्ये नवा कायदा होऊन आकाशाची जबाबदारी एका स्वतंत्र यंत्रणेकडे गेली. आता रडार आलं, थेट रेडिओ आला. सगळ्यांना सगळं दिसणार, मग प्रश्नच कुठे उरला?

सॅन डिएगो : २५ सप्टेंबर १९७८

सकाळचे नऊ. स्वच्छ ऊन. तुम्ही मिरामार नौदल तळावरच्या रडार खोलीत एका कंट्रोलरच्या मागे आहात. पडद्यावर ठिपके आहेत आणि ठिपक्यांशेजारी आकडेही आहेत. पीएसए कंपनीचं बोइंग ७२७ लिंडबर्ग विमानतळावर उतरायला येतंय. त्याच्या पुढे एक छोटं सेसना. त्यात एक शिकाऊ वैमानिक फक्त उपकरणांकडे बघून विमान चालवण्याचा सराव करतोय आणि शिक्षक शेजारी बसलाय. सेसनाला उड्डाणाची दिशा ठरवून दिलेली आहे.

कंट्रोलर बोइंगला सेसनाची कल्पना देतो. वैमानिक म्हणतात, दिसलं. कंट्रोलर सांगतो, मग नजर ठेवून अंतर तुम्हीच राखा आणि पुढे टॉवरशी बोला.

या घटकेला जबाबदारी जमिनीवरून आकाशात गेली. यात गैर काहीच नाही. स्वच्छ हवेत वैमानिकाचे डोळे रडारपेक्षा बारीक बघतात. कंट्रोलरने अंतर राखायचं तर त्याला मैलामैलांची जागा सोडावी लागते. वैमानिकाने राखायचं तर विमानं जवळ येऊ शकतात आणि धावपट्टीवर तासाला जास्त विमानं उतरतात. ही देवाणघेवाण जगभरच्या विमानतळांवर रोज चालते आणि प्रवाशांना तिचा पत्ताही नसतो.

आता कॉकपिटमध्ये चला. टॉवर पुन्हा आठवण करून देतो : समोर मैलभरावर सेसना आहे. वैमानिक काचेतून शोधतात. उत्तर जातं की मिनिटापूर्वी होतं खरं. मग कॅप्टन सांगतो, बहुधा उजवीकडून मागे गेलं असावं. रेडिओवरून हे ऐकणाऱ्याला वाटतं, त्यांना सेसना दिसतंय आणि ते निघून चाललंय. कॉकपिटमध्ये मात्र हे लोक एकमेकांना विचारताहेत : आपण त्याला ओलांडलं ना? ओलांडलं असावं. अंदाज आणि खात्री यांच्यात जे अंतर असतं, ते रेडिओवर पुसलं गेलं.

दरम्यान सेसना दिलेल्या दिशेवरून उजवीकडे वळून बोइंगच्या वाटेवर आलंय. त्याने हे कुणाला सांगितलेलं नाही. मिरामारच्या खोलीत धोक्याची सूचना वाजते. टक्कर व्हायला १९ सेकंद आहेत. पण वैमानिकांनी ‘दिसतंय’ म्हटलेलं असताना दोन ठिपके जवळ येणारच, सूचना वाजणारच. खोलीत कुणी दचकत नाही.

सुमारे २,६०० फुटांवर बोइंग सेसनावर वरून उतरलं. विमानांतली आणि खालच्या घरांतली मिळून १४४ माणसं गेली. चौकशीत मुख्य बोट या गोष्टीकडे दाखवलं गेलं की सेसना नजरेआड झाल्याचं वैमानिकांनी स्पष्ट सांगितलं नाही. ‘आता दिसत नाही’ हे तीन शब्द वेळेवर गेले असते, तर जबाबदारी त्याच क्षणी जमिनीवर परत आली असती आणि धोक्याच्या सूचनेकडे बघणाऱ्या माणसाला ती आपलीच आहे हे कळलं असतं. निर्णय सोपवण्याची पद्धत सगळ्यांना पाठ होती. तो परत कसा करायचा, हे त्या सकाळी कुणाच्या तोंडी आलं नाही.

दिल्ली : १२ नोव्हेंबर १९९६

संध्याकाळ उलटून अंधार पडलाय. पालमच्या रडार खोलीत तुमच्यासमोर जो पडदा आहे, तो सॅन डिएगोच्या पडद्यापेक्षा मुका आहे. ठिपका कुठे आहे ते दिसतं. किती उंचीवर आहे ते दिसत नाही. त्यासाठी वैमानिकाला विचारायचं आणि तो सांगेल ते खरं मानायचं. दिल्लीभोवतालचं बरंचसं आकाश हवाई दलासाठी राखीव, त्यामुळे येणारी आणि जाणारी विमानं एकाच अरुंद पट्ट्यातून वर-खाली ये-जा करतात.

६.३२ ला सौदी अरेबियाचं बोइंग ७४७ दिल्लीहून उडालंय. त्यात ३१२ माणसं आहेत. त्याला १४,००० फुटांवर थांबायला सांगितलंय. समोरून कझाकस्तानचं इल्युशिन-७६ मालवाहू बनावटीचं विमान ३७ जणांना घेऊन उतरतंय. त्याला १५,००० फुटांपर्यंतच यायची परवानगी आहे. मध्ये हजार फूट. नियमाप्रमाणे हे अंतर पुरेसं आहे. कंट्रोलर तेवढ्यावर न थांबता कझाक विमानाला सांगतो : समोरून बोइंग ७४७ येतंय, चौदा मैलांवर, १४,००० फुटांवर. दिसलं की कळवा.

उत्तर येतं. पण उत्तर देणारा विमान चालवत नाही. कझाक विमानात इंग्रजीत संभाषण करण्याचं काम रेडिओ ऑपरेटरचं. तो वैमानिकांच्या मागे बसतो आणि उंची बघायची तर त्याला त्यांच्या खांद्यावरून डोकवावं लागतं. म्हणजे नेवार्कमधली निरोपांची साखळी इथे एका कॉकपिटच्या आत शिल्लक आहे. परवानगी ऐकणारा एक, विमान उतरवणारे दुसरे.

पडद्यावर दोन ठिपके जवळ येतात आणि एक होतात. असं रोज होतं. खालून एक जातं, वरून एक जातं, क्षणभर एकच ठिपका दिसतो आणि मग पुन्हा दोन होतात. आज एकाचे दोन झाले नाहीत. त्या सुमाराला दिल्लीकडे येणाऱ्या अमेरिकी हवाई दलाच्या विमानातून वैमानिकाने कळवलं की ढगांत नारिंगी उजेड दिसला.

हरियाणातल्या चरखी दादरीच्या शेतांत ३४९ माणसांचे देह पडले. हवेतल्या टकरींत याहून मोठी प्राणहानी कधी झालेली नाही. न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी यांच्या चौकशीत निष्पन्न झालं की कझाक विमान परवानगी सोडून १५,००० च्या खाली, सौदी विमानाच्या उंचीवर उतरलं होतं. कॉकपिटमधला अपुरा ताळमेळ आणि इंग्रजीचं तुटपुंजं ज्ञान यांवरही बोट ठेवलं गेलं. कंट्रोलरने दिलेला आदेश बरोबर होता आणि तो ऐकलाही गेला होता. ऐकलेला आदेश कॉकपिटमध्ये पाळला जातोय की नाही, हे बघायचं साधनच त्याच्याकडे नव्हतं.

त्यानंतर येण्या-जाण्याचे पट्टे वेगळे झाले आणि विमानाची उंची पडद्यावर दाखवणारं रडार कामाला लागलं. भारताच्या आकाशात येणाऱ्या प्रवासी विमानांना टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं झालं. हे यंत्र शेजारच्या विमानातल्या जोडीदार यंत्राशी स्वतः बोलतं आणि धोका दिसला की वैमानिकाला ‘वर चला’ किंवा ‘खाली चला’ असं सांगतं. आता निर्णयाला तिसरा वाटेकरी आला.

पुन्हा नेवार्क : १९९८

जरा श्वास घ्या. या मुक्कामात कुणी मरत नाही. फक्त लोक एकमेकांपासून माहिती लपवताहेत.

हवा बिघडली की विमानतळावर तासाला उतरणाऱ्या विमानांची संख्या घटते. आकाशात रांग लावण्यापेक्षा विमानांना निघायच्या ठिकाणीच थांबवायचं, ही अमेरिकेत रुळलेली पद्धत. प्रत्येक विमानाला उतरायची एक वेळ मिळते, त्यावरून उड्डाणाची वेळ ठरते. तुम्ही एका विमान कंपनीच्या कचेरीत आहात. दुपारचं एक उड्डाण रद्द करायचं इथे ठरलेलं आहे. ते सरकारी केंद्राला लगेच कळवायला हवं, म्हणजे ती वेळ दुसऱ्या कुणाला देता येईल. पण कळवलं की ती वेळ हातची जाते, आणि कदाचित प्रतिस्पर्ध्याला मिळते. म्हणून कुणी कळवत नाही. केंद्रातला माणूस नसलेल्या विमानांचं वेळापत्रक आखत बसतो. धावपट्टीवर जागा रिकाम्या जातात आणि विमानं ठिकठिकाणी खोळंबतात.

जानेवारी १९९८ मध्ये नेवार्क आणि सॅन फ्रान्सिस्को इथे वेगळी रीत सुरू झाली. मूळ वेळापत्रकात ज्या कंपनीच्या जितक्या वेळा, त्या प्रमाणात तिला वाटा मिळणार आणि उड्डाण रद्द केलं तरी ती वेळ तिच्या हातून जाणार नाही. त्या जागी आपलं कोणतं विमान पुढे आणायचं, हे कंपनीच ठरवणार. एकूण किती विमानं उतरतील हे केंद्राने सांगायचं, त्यांतली कोणती आधी हे कंपनीने सांगायचं, आणि आकडे दोघांच्या पडद्यावर एकच.

रद्द उड्डाणांची खबर वेळेवर यायला लागली. कंपन्या एका रात्रीत सत्यवादी झाल्या असं नाही, खरं बोलण्यातला तोटा तेवढा निघून गेला. सॅन डिएगोच्या कॉकपिटमधली गोष्ट इथे आठवून बघा. ‘आता दिसत नाही’ म्हणण्यातही एक तोटा वाटत असतो. उतरण्याची रांग मोडते, चारचौघांत नजर चुकल्याची कबुली द्यावी लागते. माहिती वाटून घ्यायची तर ती देणाऱ्याला भुर्दंड पडता कामा नये, हे तत्त्व आकाशात आणि कचेरीत सारखंच लागू पडतं.

युबरलिंगेन : १ जुलै २००२

जर्मनीच्या दक्षिण टोकाला बोडन तळ्याकाठचं हे गाव. रात्रीचे साडेअकरा वाजून गेलेत. इथलं आकाश स्वित्झर्लंडच्या झुरिक केंद्राकडून सांभाळलं जातं. त्या केंद्रात या क्षणी एकच कंट्रोलर दोन पडद्यांवर काम करतोय, कारण दुसरा विश्रांतीला गेलाय. टेलिफोनची मुख्य यंत्रणा दुरुस्तीसाठी बंद आहे. उशिरा आलेल्या एका एअरबसला उतरवण्यात त्याचं लक्ष गुंतलंय. शेजारच्या कार्ल्सरूए केंद्रातल्या लोकांना त्यांच्या पडद्यावर धोका दिसतो. ते झुरिकला फोन लावत राहतात. फोन लागत नाही.

तुम्ही मात्र ३६,००० फुटांवर आहात, बार्सिलोनाकडे निघालेल्या रशियन टुपोलेव-१५४ च्या कॉकपिटमध्ये. मागच्या आसनांवर बहुतेक शाळकरी मुलं आहेत. त्याच उंचीवर आडव्या दिशेने डीएचएलचं मालवाहू बोइंग ७५७ येतंय.

कंट्रोलरचा आवाज येतो : खाली या, लवकर. टक्कर व्हायला सुमारे ४३ सेकंद आहेत. वैमानिक विमान खाली झुकवतात. सात सेकंदांत यंत्र बोलतं : वर चला. एक जण म्हणतो, हे तर वर जायला सांगतंय. दुसरा म्हणतो, पण तो आपल्याला खाली घेतोय.

त्याच क्षणी बोइंगमधलं यंत्र तिथल्या वैमानिकांना सांगतंय : खाली चला. दोन्ही यंत्रांनी आपसांत ठरवून घेतलंय, एक वर, एक खाली. बोइंगचे वैमानिक यंत्राचं ऐकून खाली येताहेत. टुपोलेव माणसाचं ऐकून खाली येतंय. यंत्रांमध्ये काय ठरलं ते कंट्रोलरला दिसत नाही. आपण यंत्राच्या सांगण्यावरून उतरतोय, असं बोइंगचे वैमानिक रेडिओवर सांगतातही, पण ते त्याच्या कानापर्यंत पोचत नाही.

७१ माणसं गेली. अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे हे आधी एकदा घडलं होतं. ३१ जानेवारी २००१ रोजी जपानवर एकाच कंपनीची दोन विमानं अशाच परस्परविरोधी सूचनांमुळे एकमेकांच्या अगदी जवळून गेली. दोन्हींत मिळून ६७७ लोक होते. टक्कर टळली. यंत्र आणि कंट्रोलर यांत शेवटचा शब्द कुणाचा, याचं जगभर एकमुखी उत्तर मात्र युबरलिंगेनपर्यंत मिळालं नव्हतं. वैमानिकांच्या पुस्तकांतही त्याबद्दल गोंधळ होता.

आता नियम निःसंदिग्ध आहे. यंत्राने वर किंवा खाली सांगितलं की वैमानिकाने तेच करायचं, कंट्रोलर उलट सांगत असला तरीही. वैमानिकाने रेडिओवर तेवढं कळवायचं. ते ऐकल्यापासून ‘धोका टळला’ असा निरोप येईपर्यंत कंट्रोलरने त्या विमानाची उंची-दिशा बदलायची नाही. अंतर राखण्याची जबाबदारी तेवढ्या वेळापुरती त्याच्याकडे नसते. सॅन डिएगोला जे संदिग्ध राहिलं, त्याला इथे सुरुवात आणि शेवट दोन्ही मिळाले.

मुंबई : आज, ऐन पावसाळ्यात

आता आपल्या आकाशात या. मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तेवढ्यावर २०१८ मध्ये एका दिवसात हजाराहून जास्त विमानांची ये-जा झाली आहे. इथे एका विमानाची मिनिटभराची दिरंगाई मागच्या सगळ्यांना भोवते.

तुम्ही प्रवासी म्हणून आसनावर बसला आहात. दरवाजा बंद झालाय, विमान हलत नाही, आणि कॅप्टन सांगतो की इंजिन सुरू करायची वेळ अजून आलेली नाही. तुम्ही घड्याळ बघता. पूर्वी तयार झालेलं विमान तडक निघायचं आणि धावपट्टीजवळ इंजिन सुरू ठेवून उभं राहायचं. लग्नाच्या पंगतीत जेवणाऱ्याच्या पाठीमागे पुढची माणसं जागा धरून उभी राहतात, तसंच ते होतं. आता विमान कंपनी सांगते की आम्ही अमुक वाजता तयार असू. सामान चढवणारे, विमानतळ आणि टॉवर यांच्यासमोर तीच वेळ असते. त्यावरून इंजिन सुरू करायची वेळ निघते. मुक्कामाच्या विमानतळावर गर्दी असेल, तर दिल्लीतल्या केंद्राकडून सबंध देशाच्या वाहतुकीचा हिशेब करून उड्डाणाची वेळ येते. कंपनीने तयारीची वेळ फुगवून सांगितली, तर सगळ्या साखळीत ती चूक शिरते. नेवार्कचा १९९८ चा धडा इथे रोज गिरवला जातो.

अखेर विमान उडतं. आता कॉकपिटमध्ये या. अरबी समुद्रावर काळे ढग दाटलेत. विमानाच्या नाकातलं रडार ढगांचा गाभा दाखवतंय, लाल आणि जाड. जमिनीवरच्या कंट्रोलरला आजूबाजूची सगळी विमानं दिसतात, पण हा ढग त्याला इतका जवळून दिसत नाही. वैमानिक वीस मैल डावीकडे वळायला मागतो. कंट्रोलरला डावीकडे दुसरं विमान दिसतंय, म्हणून तो दहाच मैल देतो. वैमानिक म्हणतो, दहाने भागणार नाही. कंट्रोलर त्या दुसऱ्या विमानाची उंची बदलतो आणि मग वीस मैल देतो. हे सगळं काही सेकंदांत उरकतं. दोघांनाही आपल्या बाजूचं चित्र दिसतंय, आणि समोरच्याला आपलं चित्र दिसत नाही हेही दोघं जाणून आहेत. ग्रँड कॅन्यनच्या सकाळी नेमकं हेच हरवलं होतं.

किनारा मागे पडून साधा रेडिओ पोचेनासा झाला की संभाषण लिखित संदेशांवर येतं. कंट्रोलरची सूचना कॉकपिटच्या पडद्यावर अक्षरांत उमटते. उत्तरासाठी ठरावीक शब्द असतात. पहिला, ‘विल्को’ : समजलं, तसंच करतो. दुसरा, ‘स्टँडबाय’ : थांबा, बघून सांगतो. तिसरा, ‘अनेबल’ : जमणार नाही.

या तिसऱ्या शब्दाकडे नीट बघा. विमान सुरक्षित ठेवण्याबाबत शेवटचा शब्द कॅप्टनचा, असं आंतरराष्ट्रीय नियम सांगतात. म्हणून ‘अनेबल’ आलं की पलीकडचा माणूस रागावत नाही, हुज्जत घालत नाही आणि कारण पुरेसं आहे का याची परीक्षाही घेत नाही. तो दुसरा पर्याय शोधतो. कंट्रोलरचाही असाच हक्क आहे. मागितलेली उंची तो नाकारतो आणि कॅप्टन ती गुमान मान्य करतो, कारण नाकारणाऱ्याला दुसरं विमान दिसतंय हे त्याला माहीत असतं.

झेंड्यांपासून पडद्यावरच्या अक्षरांपर्यंत नव्वदहून अधिक वर्षं गेली. निर्णय या काळात कधी जमिनीवर होता, कधी आकाशात, आता कधी यंत्रात असतो. तो कुठे असावा याचं कायमचं उत्तर निघालं नाही आणि निघण्याची गरजही नाही, कारण ढग, गर्दी आणि उजेड बदलला की योग्य जागाही बदलते. प्रत्येक सेकंदाला तो नेमका एकाच ठिकाणी असावा आणि कुठे आहे हे दोघांनाही माहीत असावं, एवढंच लागतं. त्यासाठी यंत्रांपेक्षा जास्त एका सवयीची गरज आहे. ‘दिसत नाही’ आणि ‘जमणार नाही’ ही वाक्यं बिनदिक्कत बोलता यायला हवीत, आणि ऐकणाऱ्याने ती ऐकताच जबाबदारी उचलायला हवी. जगातल्या बहुतेक कचेऱ्यांना ही सवय अजून लागायची आहे. आकाशाने तिची किंमत आधीच मोजली आहे.